परसातला ओढा

घर बघायला गेले तेव्हा काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "एकट्याच राहणार का?" हा प्रश्न सोलापुरातल्या आधीच्या प्रत्येक घरमालकानं दारातच टाकला होता, तोही त्यांनी टाकला नाही. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कान चांगले हायत न्हवं?"

रस्त्यावरून ट्रक जातात, त्यांचा त्रास होईल म्हणून विचारत असतील असं मला वाटलं. "हो, चांगले आहेत," मी म्हणाले.

"मग ऱ्हावा की," असं म्हणून त्यांनी वरच्या खोल्यांची किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांचे स्वतःचे कान गेलेले आहेत, हे मला सामान लावून झाल्यावर कळलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या एका कारखान्यात ते जॉबर होते. बिघडलेला यंत्रमाग उघडायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. सगळी नोकरी त्या खडखडाटात गेली. ऐकू येणं नेमकं कधी कमी झालं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. "माग चालू असला की सगळेच भैरे असत्यात," ते म्हणायचे. "कारखान्याच्या भाईर आल्यावर कळतं, खरा भैरा कोन हाय ते."

तळहाताला मात्र त्यांना ऐकू यायचं. कशालाही हात टेकवून ते उभे राहायचे. दाराला, पाण्याच्या मोटरीला, माझ्या स्कूटरच्या सीटला. एकदा गॅस सिलिंडर वर चढवून द्यायला आले आणि माझ्या फ्रीजवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. "दिवाळीपत्तूर बसतोय ह्यो," म्हणाले. तो फ्रीज अजून माझ्या स्वयंपाकघरात व्यवस्थित चालू आहे. हे मी त्यांना पुढं सांगितलंही, तर म्हणाले, "व्हय व्हय."

हे "व्हय व्हय" म्हणजे काका. तुम्ही काहीही बोला, ते खाली बघत, मान हलवत "व्हय व्हय" म्हणायचे आणि पुढं निघून जायचे. शेजारच्या अक्कांनी एकदा भिंतीवरून विचारलं, "आमच्याकडं पाहुणे आलेत, दोन घागरी पाणी देता काय?" काका "व्हय व्हय" म्हणाले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. अक्का घागर घेऊन उभ्याच. शेवटी मी वरून पाणी नेऊन दिलं. अक्कांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलणारं. त्या दिवशी त्या तेलुगूत जे काही म्हणाल्या ते मला समजलं नाही, पण अंदाज आला.

काकांच्या मुलीनं कोल्हापूरहून कानात घालायचं यंत्र पाठवलं होतं. ते एका टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेलं होतं. का घालत नाही, असं मी खुणेनं विचारलं. "त्यात सगळंच मोठं येतंय," ते म्हणाले. "ताट पडल्यालं बी आन मानूस बोलल्यालं बी. मग घालून काय उपेग?"

मी राहायला गेले तेव्हा परसात एक वेडावाकडा खड्डा होता. काका सकाळी चहा झाला की त्यात उतरायचे आणि ऊन चढेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. त्यांना तिथं ओढा करायचा होता. कारंजं नाही, हौद नाही, ओढा. "मान्साचा हात दिसाय नको," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगायचे.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. लोक बादल्या, पिंपं, पातेली भरून ठेवायचे आणि हा माणूस परसात पाणी खेळवायला निघालेला. गल्लीत कुणाला ते आवडलं नव्हतं. काकांनी नळाचं पाणी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे कुणाला सांगायच्या भानगडीत ते पडले नाहीत. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपानं खाली आणून एका टाकीत धरलं. तेच खाली वाहणार आणि तेच पंपानं पुन्हा वर जाणार. पंप जुन्या कूलरमधला. खड्ड्याला शेततळ्यात घालतात तो जाड प्लास्टिकचा कागद, आणि त्याला खडे टोचू नयेत म्हणून खाली कारखान्यातल्या खराब निघालेल्या टॉवेलांचा थर. किती टॉवेल त्या मातीत गेले असतील! काही गुलाबी होते, फुलाफुलांचे. ते अंथरून झाल्यावर काका जरा वेळ त्यांवर बसून राहिले होते.

पहिला ओढा श्रावणात तयार झाला. कडेनं गोल दगड ओळीनं मांडलेले, वरच्या बाजूला एक उंच दगड आणि त्यावरून पाणी खाली. अक्का भिंतीवरून बघून म्हणाल्या, "हायवेवरच्या हॉटेलपुढं असतं की, तसं झालंय."

काकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी मला जिन्यावर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि पंप सुरू केला. "कसा येतोय आवाज? खरं सांगा ताई."

मी खरं सांगितलं. नळ उघडा राहिल्यासारखा येत होता. त्यांना कळावं म्हणून मी नळाची चावी फिरवल्यासारखं करून दाखवलं. तेवढ्यात अक्का पुन्हा भिंतीशी आल्या. "मला वाटलं कुणाचं पोरगं मुतायलंय हितं. म्हणून बघायला आले." त्यांनी तेही हातवारे करून दाखवलं. काका हसले नाहीत. पंपाची पिन काढली आणि संध्याकाळपर्यंत सगळे दगड उपसून बाहेर ठेवले.

ऑक्टोबरात एका रविवारी ते म्हणाले, "चला, खरा ओढा बगून यू." मला जायला दुसरं ठिकाण नव्हतंच. रविवारी मी एकटी भाजी आणायची, कपडे धुवायची, आणि मग सोमवारची वाट बघायची. आम्ही मंगळवेढ्याची एसटी पकडली. बसमध्येही काकांनी पायातली चप्पल काढून पाय फळीवर टेकवला आणि कंडक्टरला गाडीत काय बिघाड आहे ते सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, सगळाच बिघाड हाय, आमाला म्हाईत हाय." काका म्हणाले, "व्हय व्हय."

गावाच्या अलीकडं एका फाट्यावर उतरलो. परतीचा पाऊस बरा झाला होता. दोन्ही बाजूंना काळं रान आणि त्यात नुकती वर आलेली ज्वारी. खाली उतारावर ओढा होता. फार मोठा नाही. साडी जरा वर धरून ओलांडता येईल एवढा. काका त्यात शिरले आणि एकेका दगडावर हात टेकवत वरच्या अंगाला चालत गेले. मग मला हाक मारली.

"ह्यो बगा. निम्मा जिमिनीत हाय. आपन वर ठेवतो, म्हनून ठेवल्यावानी दिसतंय." पुढं म्हणाले, "आन पानी बगा. मोठ्या दगडावरनं न्हाय जात. बगलंनं जातंय, वळून. त्याच्या मागं बारकी वाळू साठलीया. सरळ कायबी न्हाय हितं." मग त्यांनी मला एका खडकावर बसवलं. "आता डोळे मिटा आन सांगा."

मी बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "काका, आवाज एक नाही. दोन आहेत. एक जवळचा, बारीक. आणि एक जरा लांबून, घोगरा." मी दोन बोटं दाखवली, एक लहान, एक मोठं.

"दोन!" त्यांना इतका आनंद झालेला मी आधी पाहिला नव्हता. "म्हंजे दोन उतार पायजेत की. येक उथळ, दगडावर पडनारा. येक खोल पान्यात पडनारा."

परतीच्या बसची वाट बघत आम्ही फाट्यावरच्या बाभळीखाली बसलो होतो. तिथं त्यांनी आपणहून सांगितलं, "आमच्या घरातल्यांच्या म्हायेरला घरामागं ओढा हाय. तिकडं, आजऱ्याकडं. लगीन होऊन आल्या तवा म्हनायच्या, हितं झोपच लागत न्हाय. भाईर कायबी व्हात न्हाय म्हनून."

"काकू कुठं असतात?"

"कोल्लापूरला. लेकीकडं." रस्त्याकडे बघत म्हणाले, "येतील की."

काकू मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, हे मला पुढं अक्कांकडून कळलं. ते बाळ आता शाळेत जायला लागलं होतं. भांडण झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या गेल्या आणि आल्या नाहीत, एवढंच.

दुसरा ओढा काकांनी हिवाळ्यात केला. आता त्यांना घाई नव्हती. एक दगड बसवायला एक सकाळ जायची. आधी तो मातीत निम्मा पुरायचा, मग लांब जाऊन बघायचं, मग पुन्हा काढून जरा तिरका. वळणावर वाळू टाकली, काठाला लव्हाळा आणि अळू लावलं. दगडांवर शेवाळ धरावं म्हणून ते रोज ताक शिंपडायचे. स्वतःच्या जेवणातलं ताक त्यांनी त्यापायी बंद केलं. खालच्या डोहाच्या तोंडाशी फुटका रांजण आडवा पुरला, आवाज घुमावा म्हणून. महापालिकेच्या आरोग्य खात्यातली बाई डासांच्या अळ्या बघायला आली, तर तिलाही त्यांनी डोळे मिटून उभं केलं. ती बिचारी म्हणाली, "काका, मला अजून सगळी गल्ली करायचीय." पण थांबली. जाताना तिनं आपल्या पिशवीतले गप्पी मासे डोहात सोडले.

आवाज नेमका कधी जमला हे मला सांगता येणार नाही. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन जिन्याच्या पायरीवर चहा पीत बसले होते. कप रिकामा झाला तरी उठावंसं वाटत नव्हतं. काका समोर येऊन उभे राहिले. "कसा येतोय?"

"चालू आहे होय? माझ्या लक्षातच आलं नाही."

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. मग ओढ्याकडे गेले, ओणवे झाले आणि दोन्ही तळहात दगडांवर टेकवून तसेच राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "कोल्लापूरला फोन लावा ताई. म्हनावं, गड्ड्याच्या जत्रंला या."

मी मुलीच्या नंबरावर फोन लावला. काकू आल्या फोनवर. मी सांगितलं, काकांनी परसात ओढा केलाय, तुम्हाला बघायला बोलावतायत. मग त्या म्हणाल्या, "बघू."

संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गर्दी गावात सुरू झाली होती, तेव्हा त्या आल्या. लहान चणीच्या, गोऱ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात एकच पिशवी. पिशवी लहान आहे हे मीही पाहिलं आणि काकांनीही. त्यांनी परसात खुर्ची मांडून ठेवली होती. काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. थेट काठावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. काकांनी विचारलं, "कसा येतोय आवाज?"

"चांगलाय," त्या म्हणाल्या, आणि काकांनी ते पाहिलं. "हुरडा आनतो," म्हणून बाजाराची पिशवी घेऊन ते बाहेर पडले.

मी वर निघाले होते. काकूंनी हात धरून मला बसवलं.

"मला ओढा नको होता गं पोरी," त्या म्हणाल्या. पाण्याकडेच बघत होत्या. "नवीन लग्न झालेलं, बोलायला काय तरी पाहिजे, म्हणून मी ओढ्याचं सांगायची. तेवढंच यांनी ध्यानात ठेवलं. बाकीचं मी इतकं बोलले, इतकं बोलले. सगळ्याला व्हय व्हय."

"त्यांना ऐकू येत नाही, काकू."

"ते काय मला म्हाईत नाही होय? नाही ऐकू आलं तर विचारावं. काय म्हणालीस, एवढं तरी म्हणावं. लाज वाटते त्यांना. भैरा म्हणतील म्हणून." त्यांनी पाय पाण्यातून काढले. "माझी आई गेली. भावाचा फोन आला. मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं, आई गेली म्हणून. हे म्हणाले व्हय व्हय, आणि च्या टाक म्हणाले. मी च्या टाकला. शेजारच्या बाया आल्या तेव्हा यांना कळलं. मग रडले. पण मी च्या टाकला तो टाकलाच की."

मी म्हणाले, "त्यांच्या तोंडासमोर उभं राहून बोललं तर त्यांना कळतं. मी तसंच बोलते."

"तू भाडेकरू आहेस. तुझ्याकडं बघतात ते. माझ्यापुढं मान खाली घालतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. जिन्यावरून मला दिसलं, काकूंनी पंपाची पिन काढली. पाणी वरच्या दगडावरून ओघळत ओघळत थांबलं. काका घरात दात घासत होते, त्यांना कसं कळलं कोण जाणे. तोंडाला फेस तसाच घेऊन धावत बाहेर आले. "बंद पडला?" आणि ओणवे व्हायला लागले.

काकूंनी त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा वर केला. मग त्या कन्नडमधून बोलायला लागल्या. त्यांचं आपापसातलं बोलणं बहुतेक कन्नडमधूनच व्हायचं. हळू, एकेक शब्द सुटा करून. मला त्यातलं "अव्वा" तेवढं कळलं; म्हणजे आई.

काका सवयीनं "व्हय" म्हणाले आणि थांबले. त्यांचे डोळे बायकोच्या ओठांवर होते. फेस हनुवटीवरून तिच्या हातावर उतरला होता.

"एनंदी?" त्यांनी विचारलं. काय म्हणालीस?

काकूंनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, "एनंदी?" तिसऱ्यांदा सांगताना काकूंचा आवाज चढला, मग फाटला. मी जिन्यावर अवघडून उभी होते. खाली उतरायचं तर त्यांच्यासमोरून जावं लागणार होतं. मी परत वर गेले आणि दार लावून घेतलं. ऑफिसला त्या दिवशी फार उशीर झाला. दुपारपर्यंत परसातून काकूंचं बोलणं येत होतं आणि मध्येमध्ये काकांचा तो एकच शब्द. खिडकीतून दिसलं, थांबलेल्या डोहावर सातभाई पाखरं येऊन पाणी पीत होती. इतक्या जवळ माणसं असून त्यांनी भ्यायचं मनावर घेतलं नव्हतं.

काकू तरीही परत गेल्या. मुलीची नोकरी होती, नातवाची शाळा होती, त्यांचं तिकडचं आयुष्य आता उभं राहिलेलं होतं. काका त्यांना स्टँडवर सोडून आले आणि दोन-तीन आठवडे घरातच बसून होते. पंप त्यांनी लावला नाही. मग एके दिवशी कपाटातून तो टॉवेल काढला, त्यातलं यंत्र कानात घातलं आणि अंगणात उभे राहिले. अक्कांच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा दचकून भिंतीला धरलं.

"मी जाऊन येतो कोल्लापूरला," मला म्हणाले. मी ओढ्याकडे बोट दाखवलं. "वाटलं तर चालवा. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

ते जाऊन आले नाहीत. तिकडेच राहिले.

मग त्या घरात मी एकटीच उरले. संध्याकाळी येऊन पंप लावायची आणि पायरीवर बसायची. आवाज चांगला होता. पण कसा येतोय, हे विचारणारं कुणी नव्हतं. आपण ऐकतोय याला कुणीतरी साक्षीदार लागतो हे मला तेव्हा कळलं. चैत्रात टाकीचा तळ दिसायला लागला. मी पंप बंद केला, मासे अक्कांच्या टाकीत नेऊन सोडले. डोह खाली खाली गेला, मग नुसती ओल, मग तीही नाही. शेवाळ वाळून दगडांवरून पापुद्र्यासारखं निघायला लागलं. लव्हाळा मात्र कोरड्यातही तग धरून होता.

वैशाखातल्या एका दुपारी मी कोर्टातून परत आले. नवऱ्यापासून मी कधीची वेगळी राहत होते. त्या दिवशी ते कागदावर झालं. निकाल ऐकायला तो आला होता, मी आले होते, दोन वकील होते. बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "रिक्षा करून देऊ?" मी नको म्हणाले. घरी आले, दारं उघडली, पंखा लावला. ऑफिसात मी तापाची रजा टाकली होती. आईला सांगायचं धाडस होत नव्हतं, आणि दुसरं कुणाला सांगावं हे आठवून बघितलं तर कुणी आठवेना.

उन्हं उतरल्यावर फोन वाजला. काकांच्या मुलीचा नंबर होता, व्हिडिओ कॉल. पडद्यावर काका दिसले. फार जवळ, नुसता एक गाल आणि कान. मग कुणीतरी फोन मागं धरला तेव्हा पुरते दिसले. कानात यंत्र होतं. शेजारी काकू भाजी निवडत होत्या.

"फ्लॅट हाय," ते म्हणाले. "वर हाय लई. पर गॅलरी हाय." नातवाबद्दल सांगितलं, कोल्हापूरच्या पाण्याबद्दल सांगितलं, यंत्राची बॅटरी कशी बदलायची ते सांगितलं. परसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मग म्हणाले, "तुमचं कसं चाललंय ताई?"

"बरं आहे."

नेहमीचं "व्हय व्हय" आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली. पण चित्र हलत होतं. काकूंचा हात मेथीची जुडी सोडत होता. काका माझ्याकडे बघत होते.

"बरं हाय म्हंजे काय?" त्यांनी विचारलं. "नीट सांगा. मला सवड हाय."

मी सांगायला लागले. कोर्टाचं सांगितलं, त्याआधीचं सांगितलं, मग लग्नाचं, अगदी सुरुवातीचं. क्रम राहिला नाही. मध्येच माझा आवाज बसला आणि मी तशीच पुटपुटत पुढं गेले. काकूंनी जुडी खाली ठेवली होती. काकांनी कानातलं यंत्र बोटानं दाबलं आणि हात वर करून मला थांबवलं.

"परत सांगा की," ते म्हणाले. "शेवटचं न्हाय आलं मला."

मी परत सांगितलं.